दीपगृहाचं ताट

सोनगीरच्या तांबट आळीत झुलाल आणि अभिमन या सख्ख्या भावांच्या घरांमध्ये भिंत एकच, आणि वैर मात्र सात पिढ्यांचं वाटावं असं. वाटणीत बापाचा, पुना तांबटाचा, हातोडा झुलालकडे गेला. तेव्हापासून चार वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. ऐकणं मात्र सुटलं नव्हतं. भिंतीपलीकडे कुठलं भांडं घडतंय ते झुलाल नुसत्या ठोक्यांवरून ओळखायचा, आणि ठोक्याठोक्यात खोट काढायचा.

त्या साली भांड्यांचे व्यापारी दलिचंदशेठ एक अजब काम घेऊन आले. कोकणात समुद्रकाठच्या जुन्या दीपगृहाची डागडुजी चालली होती. तिथे पूर्वी म्हणे लोखंडी टोपलीत लाकडं पेटवत. पुढे तेलाचा दिवा आला, आणि दिव्यामागे उजेड लांब फेकणारं तांब्याचं मोठं ताट. ते ताट खाऱ्या वाऱ्याने खाल्लं होतं. नवं घडवायचं होतं. ज्याला हे काम मिळेल तोच पुना तांबटाचा खरा वारस, हे आळीत कुणी कुणाला सांगायला नको होतं.

दीपगृहाचा कारकून जुनं ताट घेऊन आला तो दार चुकून झुलालकडे. पाणी पिऊन त्याने सगळं समजावलं. "आतून आरशासारखं गुळगुळीत हवं. एक खळगा राहिला तरी उजेड फुटतो, आणि गलबतं खडकावर जातात."

झुलाल मनातल्या मनात मांडे खाऊ लागला. तेवढ्यात शेठ आले आणि म्हणाले, "साहेब, काम अभिमनला दिलंय. ते पलीकडचं दार."

"भाऊच ना तुम्ही? मग सांगा त्याला," कारकून उठत म्हणाला. "मला धुळ्याला गाडी गाठायचीय."

झुलालने जुनं ताट तेवढं भावाच्या ओट्यावर नेऊन आदळलं. सांगितलं काहीच नाही.

सोनगीरात गुळगुळीत भांडं म्हणजे अर्धवट भांडं. शेवटी मठारकाम हवंच, म्हणजे ओळीने बारीक ठोके देऊन चकाकते खळगे पाडायचे. त्यात जुन्या ताटावर खाराने पाडलेले खळगे अभिमनला कुणा कारागिराचे ठोके वाटले. चौथ्या दिवशी पलीकडे मठारकाम सुरू झालं.

झुलालची बायको भागाबाई चुलीपासून उठून आली. "सांगी या त्याले. भाऊ शे तुमना."

"त्याले बठ्ठं काम येस. माले कोन इचारस?"

खरं तर ते ठोके सुरेख होते. एकासारखा एक, थेट बापाच्या हाताचे. म्हणूनच झुलालचा जळफळाट झाला. पाच दिवस तो ऐकत राहिला, आणि त्या पाच दिवसांत त्याला जेवण फार गोड लागलं.

महिन्याभरात ताट परत आलं. शेठनी ते भर आळीत टाकलं. "दीपगृहाला लग्नातली परात पाठवलीस? उजेडाच्या चिंध्या झाल्या."

"माले कोनी सांगं नही, शेठ," अभिमन म्हणाला. त्याने भावाच्या दाराकडे पाहिलं. झुलाल हसला. अभिमन आत गेला.

शेठनी ताट उचलून झुलालपुढे ठेवलं. "मागून ठोकून खळगे सपाट कर. जमलं तर पुढचं सगळं काम तुझं."

झुलालने बापाचा हातोडा काढला आणि ताट पालथं घातलं. मागे, बरोबर मध्यावर, तांबट आपल्या नावाचा छाप उठवतो. तिथे अभिमनने स्वतःचं नाव घातलंच नव्हतं. एकेक अक्षर जपून कोरलेलं होतं: पुना तांबट, सोनगीर.

म्हणजे समुद्रापर्यंत बापाचं नाव गेलं होतं, आणि वाया गेलेलं काम म्हणून परत आलं होतं. ते कुणी केलं, हे झुलालला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याला स्वतःची किळस आली.

शेठ दारात उभे होते. मधले खळगे सपाट करायचे तर हातोडा नावावरच पडणार होता. भिंतीपलीकडे सामसूम होती, म्हणजे अभिमन ऐकत बसला होता.

झुलालने पहिला ठोका घातला. मध्यावरचा ठोका बद्द वाजतो. कुठल्या ठोक्याला बापाचं कुठलं अक्षर जातंय, ते अभिमनला भिंतीपलीकडून कळत होतं.