सुभद्राच्या चुलीतला विस्तव

मी विस्तव. जुना म्हणजे किती जुना, ते विचारू नका मित्रांनो, मलाच आठवत नाही. माणूस गुहेत काकडत बसायचा, तेव्हा त्याने भीत भीत मला जवळ केलं. माझ्यावर कंद भाजले, काठ्यांची टोकं शेकून टणक केली, गुहेच्या तोंडाशी मला बसवून वाघाला लांब ठेवलं. जिथं जगणं अशक्य, अशा गारठ्याच्या मुलखातही तो शिरला, पण मला झाडाच्या सालीत जपून घेऊनच. मी विझलो, की दुसऱ्या टोळीपुढे हात पसरायचा. कौतुक तर केवढं माझं!

पुढे मी वरळी कोळीवाड्यात सुभद्राच्या चुलीत नांदलो. आगपेट्या आल्या होत्या, पण वाडीत अजून शेजारचाच विस्तव चालायचा. रीत एकच होती: आजाऱ्याच्या घरातून विस्तव बाहेर द्यायचा नाही.

अठराशे सत्त्याण्णव साली प्लेग आला. सुभद्राच्या लेकीला, नलूला, ताप भरला. शिपाई आजारी पोरं इस्पितळात उचलून न्यायचे आणि गेलेलं माणूस क्वचितच परत यायचं. सुभद्राने नलूला जाळ्यांच्या ढिगामागे लपवलं. घर धडधाकट दिसावं, म्हणून मला दिवसभर धुरावत ठेवलं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

एका सकाळी शेजारची काशीबाई खापर घेऊन दारात आली.

“सुभद्रे, इस्तव दे गो. माझी चूल इझली.”

“आज नको गो,” सुभद्रा सवयीने बोलून गेली. मग तिने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

काशीबाई दोन पावलं मागे सरली. “नलू कुठं हाय?”

सुभद्राची नजर जाळ्यांच्या ढिगाकडे गेली. दुपारी शिपाई आले. त्यांनी नलूला डोलीत घातलं आणि तिची गोधडी अंगणात टाकली. ती जाळायला कुणाला घेतलं? मला! मेल्यांनी चुलीतूनच उचललं आणि उरलेल्या निखाऱ्यांवर घागर ओतली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळातून निरोप आला: नलूला शुद्ध आहे, पेज मागते आहे.

सुभद्रा खापर घेऊन धावली. “काशीबाय, पोरीला पेज करायची हाय. एक निखारा दे!”

आतून कडी लागली. पुढच्या घरीही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. त्या प्रत्येक घरात मी चुलीत जळत होतो आणि तिच्या हाका ऐकत होतो. कडी काढायला मला हात नाहीत. मित्रांनो, तुम्ही तरी काढत जा.