पिवळ्या गाडीचा डावा मडगार्ड

रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, नगरच्या पुणे रस्त्यावरच्या एका लॉन्सच्या मैदानात, कोपरगावची राजेश्वरी पन्नासेक माणसांसमोर म्हणाली, "साहेब, हा डावा मडगार्ड इटलीचा न्हाई. माझा हाय."

परीक्षक यज्ञेश्वर सरांचा हात त्या क्षणी त्याच मडगार्डवर होता. तो त्यांनी काढला नाही. गाडीचे मालक सुहास मात्र दोन पावलं मागे सरले आणि आकाशाकडे बघू लागले.

चार महिन्यांपूर्वी, गळीत हंगाम नुकताच सुरू झाला असताना, हीच पिवळी गाडी पुणतांब्याच्या वळणावर उसाच्या ट्रॉलीला घासली. ट्रॉलीला खरचटलंदेखील नाही. गाडीचा डावा पुढचा मडगार्ड कागदासारखा चुरगळला. गाडी इटलीची; तिथल्या कारखान्यातून वीस वर्षांपूर्वी अशा एकशे बारा गाड्या बाहेर पडल्या होत्या आणि मग कारखान्याने त्या करणं थांबवलं. नवा मडगार्ड हवा तर अकरा महिने थांबा आणि गाडी इकडे पाठवा, असं उत्तर आलं. पुण्याच्या दोन गॅरेजांनी पुट्टी भरून देतो म्हटलं. सुहास नगरचे, शिक्षकी घरातले, सॉफ्टवेअरमध्ये कमावलेले, गाडीवर जीव. पुट्टीचं नाव काढताच त्यांना कसंसं झालं. तेव्हा कुणीतरी सांगितलं, कोपरगावात बस स्टँडच्या मागे एक बाई आहे, ॲल्युमिनियमचा पत्रा तिच्या हातात कणकेसारखा वळतो.

राजेश्वरी मूळची पाथर्डीकडची. आईबाप, पुष्पावती आणि भिमाजी, दर हंगामाला ऊसतोडीला कोपरगावात यायचे. एका हंगामाला ती परत गेलीच नाही, ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करणाऱ्या एका डेंटरकडे पत्रा धरायला लागली. आधी ट्रॅक्टरचे मडगार्ड, मग बसच्या बॉडीचा ॲल्युमिनियम पत्रा. आता सतरा वर्षं झाली, दुकान स्वतःचं.

सुहासनी गाडी दाखवली तेव्हा तिने हात लावायच्या आधी अट घातली.

"दोन दिस माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. काय करनार न्हाई. नुसती बघनार."

"नुसती बघणार? मी शंभर किलोमीटरवरून आलोय हो."

"मंग चहा घ्या आन परत जा. गाडी कुठं पळून जात न्हाई."

दोन दिवस तिने खरंच काही केलं नाही. उजवा मडगार्ड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून मापला, चुरगळलेला डावा काढून आतून बॅटरीच्या उजेडात पाहिला. तिसऱ्या दिवशी सुहासना फोन केला.

"ह्यो कुनी केला त्यो मानूस डावखुरा हुता."

"कशावरून?"

"आतून हातोड्याच्या खुना हायत. समद्या डावीकडून उजवीकडं तिरक्या. मी बी डावखुरी हाय, मला कळतंय. आन दोनी मडगार्ड सारखे न्हाईत. डावा वरच्या अंगाला तीन मिलिमीटर जास्त फुगलाय. मशीननं काढले असते तर एकसारखे आले असते."

"मग तुम्ही ते तीन मिलिमीटर सरळ करणार?"

"सरळ कशापायी? हुतं तसंच ठेवनार."

गोदावरीची वाळू भरलेली कातडी पिशवी, बाभळीची मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, आणि पत्रा तापवून मऊ करण्याआधी त्यावर चोळायचा साबण, एवढीच तिची हत्यारं. साबण काळा पडला की आच थांबवायची; त्यापुढे एक मिनिट गेलं तरी पत्रा गळतो. पहिला मडगार्ड वळणावर चिरला. दुसरा चांगला झाला, पण तिने तो हाताने चाचपला आणि बाजूला टाकला. तिसरा तेविसाव्या दिवशी बसला. रंग पुण्यात झाला. गाडी परत उभी राहिली तेव्हा सुहास दहा मिनिटं तिच्याभोवती फिरत होते आणि कुठला मडगार्ड नवा, हेच ते विसरले.

जाताना ते म्हणाले, "ताई, एक विनंती. फेब्रुवारीत नगरला प्रदर्शन आहे. एक्झॉटिक, म्हणजे दुर्मिळ गाड्यांच्या गटात गाडी घालतोय. त्या गटाचा नियम कडक आहे, बॉडी मूळचीच लागते. दुरुस्त झालेल्या गाड्यांचा गट वेगळा, तिकडे कोणी फिरकत नाही. हे आपल्या दोघांतच राहू द्या. पुण्यातल्या तीन मित्रांच्या गाड्या मी तुमच्याकडे पाठवतो."

"बरं," राजेश्वरी म्हणाली. शब्द तिने दिला होता. तेव्हा तो जड वाटला नव्हता.

रविवारी ती प्रदर्शनाला आली ती सुहासनी पाठवलेल्या पासवर, नवी साडी नेसून, गर्दीत मागे उभी राहायला. यज्ञेश्वर सर एकाहत्तर वर्षांचे. हयात वाहनांच्या चाचण्या घेण्यात गेली. निवृत्त झाल्यावरही खिशात बॅटरी आणि पट्टी असायची. रांगेतली प्रत्येक गाडी ते लोकांना समजावून सांगत होते. कर्जतहून आलेले काकासाहेब, डोक्यावर टोपी, त्यांच्या बरोबरीने चालत होते आणि सोडत नव्हते.

"सर, माझ्या साडूची गाडी दीड कोटीची हाय. ती का न्हाई एक्झॉटिक?"

"ती शोरूममध्ये जाऊन घेतली ना? उद्या तुम्ही पैसे भरलेत तर तशीच दुसरी मिळेल. मिळेल की नाही?"

"मिळंल की."

"मग ती महाग गाडी. किंमत सोडा. वेगही सोडा; हल्ली वेग कुणालाही देता येतो. पहिलं बघायचं, अशा किती निघाल्या. दुसरं, बनवणाऱ्याने तुमच्या सोयीचा विचार केलाय का. केला असेल तर ती चांगली गाडी, पण एक्झॉटिक नव्हे. हिच्यात बाजाराची पिशवी मावत नाही, गतिरोधकावर पोट घासतं, आणि सुटा भाग कुठे मिळत नाही."

"म्हंजी तरास जितका जास्त तितकी गाडी भारी? मंग माझा जुना ट्रॅक्टर आना की रांगेत."

लोक हसले. सरही हसले.

"तिसरं राहिलं. ट्रॅक्टर तिथे अडकतो. हा पत्रा यंत्राने दाबून काढलेला नाही, एका माणसाने ठोकून केलाय. म्हणून दुसऱ्या कुणाकडून तो तसाच होत नाही."

त्यांनी उजव्या मडगार्डवरून हात फिरवला. "हा जरा उंचसखल लागतो. याला कुणी हात लावलाय की काय?" सुहासनी लगेच कारखान्याने दिलेला गाडीचा जन्मदाखला पुढे केला, जुना फोटो दाखवला. सर समाधानी झाले. मग त्यांचा हात डाव्यावर आला आणि तिथेच रेंगाळला.

"आता हा बघा. हात ठेवा, काकासाहेब. डोळे मिटून ठेवा. कुठे सुरू होतो, कुठे संपतो, कळतं? पन्नास वर्षं पत्रा बघतोय मी. इथे कुठे अडखळत नाही. याच्यामुळे ही गाडी एक्झॉटिक. आणि खरं सांगू? असं वळण आपल्याकडे कुणाच्या हातून उतरायचं नाही."

राजेश्वरीने सुहासकडे पाहिलं. ते मान हलवत होते, हळूच, नको म्हणत. पुण्याच्या तीन गाड्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या, दुकानाच्या दारात एकामागे एक लागलेल्या. दिलेला शब्दही आठवला. ती पुढे झाली आणि बोलली.

मग काकासाहेब म्हणाले, "आत्ता गं माय!"

यज्ञेश्वर सर गाडीपुढे खाली बसले, मग पाठीवर झोपले, आणि बॅटरी घेऊन चाकाच्या वर डोकं घातलं. बाहेर आले तेव्हा सदऱ्याला माती लागली होती.

"मोगरी कुठल्या हातात धरता?"

"डाव्या."

"दोन्ही मडगार्ड डावखुऱ्या माणसाचे आहेत. मग हा तुमचा कशावरून?"

"जुना घरी हाय. भिताडाला टांगलाय."

"भंगारात द्यायला सांगितलं होतं मी," सुहास म्हणाले.

"त्याला भंगारात कसा घालू? त्याच्याकडं बघून तर शिकले."

सर म्हणाले, "आणा."

तिने नवऱ्याला, अजिनाथला, फोन लावला. तोवर सुहास जवळ आले होते. आवाज खाली होता. "तुम्ही शब्द दिला होता, ताई."

"दिला हुता. मोडला," ती म्हणाली. "माझी चूक हाय, ती माझ्यावर लावा. पन ते म्हनले, आपल्याकडं हुनार न्हाई. ते ऐकून उभी ऱ्हाऊ शकले न्हाई मी."

सुहास गेले आणि चहाच्या टपरीपाशी एकटे उभे राहिले.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी अजिनाथ एसटीतून उतरला. गोणपाटात गुंडाळलेला चुरगळलेला मडगार्ड त्याच्या खांद्यावर होता. "कंडक्टर म्हनला, ह्याचं अर्धं तिकीट काढा," त्याने बायकोला सांगितलं. "काढलं. पावती हाय."

मडगार्ड गाडीशेजारी टेबलावर ठेवला गेला. त्याचा वरचा अर्धा भाग शाबूत होता. यज्ञेश्वर सरांनी डोळे मिटून एक हात त्याच्यावर ठेवला, दुसरा गाडीवर. बराच वेळ ते तसे उभे राहिले. मग पट्टी काढून, उजव्यापेक्षा दोन्ही किती जास्त फुगलेत ते मोजलं. तीन मिलिमीटर, तीन मिलिमीटर.

परीक्षकांच्या समितीत तीन जण. पहिल्याचं म्हणणं सरळ होतं: बॉडी मूळची नाही, गाडी दुरुस्त गटात जावी. दुसऱ्या परीक्षक बाई म्हणाल्या, एका माणसाने हाताने केलेलं आणि दुसरं न मिळणारं, हीच आपली कसोटी असेल तर ही गाडी आज सकाळपेक्षा जास्त एक्झॉटिक आहे. राहिले यज्ञेश्वर सर. त्यांनी त्या दिवशी मत दिलं नाही.

प्रदर्शनाच्या नोंदणीच्या कागदावर एक रकाना असतो, बॉडी कुणी बनवली याचा. त्यात इटलीच्या कारखान्याचं नाव छापलेलं होतं. त्या नोंदीत बदल मालकाच्या हातानेच करावा लागतो, म्हणून कारकुनाने सुहासना बोलावलं. त्यांनी पेन घेतलं, कागदावर टेकवलं आणि थांबले.

"आडनाव काय हो तुमचं?"

चार महिन्यांत त्यांनी ते पहिल्यांदाच विचारलं होतं.

"दहिफळे."

त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: डावा पुढचा मडगार्ड, राजेश्वरी अजिनाथ दहिफळे, कोपरगाव. खाली सही केली. राजेश्वरीने ते वाचलं, मग अजिनाथला वाचायला लावलं, मग मोबाईलवर फोटो काढला आणि पाथर्डीला आईबापांना पाठवला.

संध्याकाळी प्रदर्शन आवरताना यज्ञेश्वर सर तिच्याकडे आले. चुरगळलेला मडगार्ड त्यांच्या काखेत होता.

"दोन दिवस माझ्याकडे राहू द्या. काही करणार नाही. फक्त बघणार आहे."

"ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली. "पन परत द्या."

मंगळवारी सायंकाळी सहा वाजेपर्यंत मडगार्ड परत आला नव्हता. पुण्याच्या तिन्ही गाड्यांच्या मालकांपैकी कुणाचा फोन नव्हता. नोंदणीच्या कागदावर एक्झॉटिक की दुरुस्त, हा गटाचा रकाना अजून कोरा होता.