आपलंच

ठकीला मी हजारदा सांगितलंय, बोलण्याआधी जरा थांबत जा. पण ती कोणाचं ऐकेल तर शपथ. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी ती चुकीचं काहीच बोलली नाही. म्हणूनच मला राग जास्त येतो, आणि तो कोणावर काढावा तेही कळत नाही.

ठकी माझी शेजारीण. तलासरीकडच्या आमच्या पाड्यात तिचं घर आणि माझं घर एकाच अंगणात आहे, मध्ये कुंपण नाही. तिच्या नवऱ्याचं नाव काळ्या, तो वरोर बंदरात मासेमारीच्या बोटीवर खलाशी आहे. बोट समुद्रात गेली की तो कधी येईल ते बोटीलाच ठाऊक. मी अच्छाडच्या नाक्यावर धाब्यात रोट्या लाटते. माझा नवरा जीवन सेंट्रिंगच्या कामाला जातो. ठकीची योगिता यंदा बारावी सायन्स पास झाली आणि डहाणूच्या नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला. पोरगी आनंदाने रडली, आणि त्याच संध्याकाळी हिशोब लागला तेव्हा पुन्हा रडली.

सरकारची शिष्यवृत्ती आहे, नाही असं नाही. पण ती येते तेव्हा येते. हॉस्टेल, मेस, गणवेश आणि पुस्तकं यांना तोवर थांबता येत नाही. बँकेने जामीनदार मागितला, तोही पगारदार. आमच्या पाड्यात पगारदार माणूस कुठून आणायचा? बचत गटातल्या बायकांचा जीव वरखाली झाला, पण गटात असणार किती? काळ्याने बोटीच्या मालकाकडे उचल मागितली, तर मागचीच अजून फिटली नव्हती. कॉलेजने मुदत दिली होती, ती संपत आली होती.

तेव्हा अंगणवाडीच्या बाईंनी मुंबईच्या एका ट्रस्टचं नाव काढलं. हुशार मुलींचा हॉस्टेलचा सगळा खर्च ते करतात, पुरी तीन वर्षं. अट एकच. त्यांचं माणूस घर बघायला येतं.

घर बघायला येतं म्हटल्यावर ठकीच्या अंगात आलं. तिने जमीन सारवली, भिंतीला माती लावली. मग तिच्या लक्षात आलं की येणारं माणूस बसणार कशावर. मी माझ्या तिन्ही खुर्च्या दिल्या. पलीकडच्या बारकीने उभा पंखा आणला, स्टीलचे पेले आणले. माझ्या दारात चिखल झाला होता म्हणून जीवनची मोटारसायकलही ठकीच्या पडवीत लावली होती. यात लपवाछपवी कसली? पाहुणा येणार तर त्याला काय उकाड्यात जमिनीवर बसवायचं? कोणाच्याही घरी कोणी येणार असलं तर आम्ही असंच करतो. त्या दिवशी माझं घर मात्र अगदी बोडकं झालं होतं.

आदितीमॅडम आल्या. तरुण, चष्मा, बूट चिखलाने भरलेले. वाईट नव्हत्या हो. आल्या आल्या दारातच बूट काढले, पाणी मागून घेतलं, योगिताच्या मार्कांचं तोंड भरून कौतुक केलं. मग इकडेतिकडे बघत विचारायला लागल्या.

"ताई, ही गाडी कोणाची?"

"आपलीच हाय," ठकी म्हणाली.

"आणि पंखा? नवीन दिसतोय."

"आपलाच. बसा ना मॅडम, वारा घ्या."

अंगणात बारकीच्या शेळ्या फिरत होत्या. "या शेळ्या?"

"आपल्याच हायत."

समोर भाताची आवणी, म्हणजे लावणी, नुकतीच संपली होती. ते शेत बारकीच्या दिराचं. पण ठकी दर वर्षी त्यात आवणीला उतरते, कापणीला उतरते, तिथलाच भात खाते. मॅडमनी बोट करून विचारलं आणि ठकी अभिमानाने म्हणाली, "आपलाच शेत. यंदा रोप चांगला लागलाय."

योगिता चहा घेऊन बाहेर आली ती नेमकी तेव्हा. तिचा चेहरा उतरला. "मॅडम, ते आमचं नाहीये," ती घाईघाईने म्हणाली. "शेत आमचं नाही, शेळ्यापण आमच्या नाहीत..."

"गप!" ठकी तिच्यावर डाफरली. "बारकी बसलीय समोर. असा बोलतात काय?"

आता हे मुंबईच्या माणसाला कसं समजवायचं? बारकी तिथे उंबऱ्यावर बसलेली. तिच्या देखत तिच्या शेळ्यांना 'आपल्या नाहीत' म्हणायचं? आमच्याकडे भांडण होऊन बोलणं तुटलं की माणूस असं म्हणतो. एरवी सगळं आपलंच असतं, आणि आपलं आहे म्हणजे माझं आहे, असा अर्थ कोणी काढतही नाही.

मी मध्ये पडले. जमेल तितक्या शुद्ध भाषेत सांगितलं, मॅडम, गाडी माझ्या नवऱ्याची आहे, खुर्च्या माझ्या आहेत, पंखा या बारकीचा आहे.

मॅडम दमल्यासारख्या हसल्या. "आधी आपलं म्हणायचं आणि मुलीने डोळा मारला की शेजाऱ्यांचं म्हणायचं. मी रोज हेच ऐकते हो. माझी नोकरीच ती आहे."

कोणी डोळा मारला नव्हता. मला भयंकर संताप आला. पण पोरीचं काम होतं, गिळून टाकला.

निघताना त्या माझ्या दाराशी थबकल्या. आत नुसती चूल, मडकी आणि वळकटी. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "इथे कोण राहतं?"

"मीच राहते."

"मग तुमच्या घरात शिकणारी मुलगी नाही का कोणी? खरी गरज तर इथे दिसते."

माझे दोन्ही पोरगे शाळा सोडून केव्हाच बोईसरच्या कंपन्यांत गेलेले. पण देणारा माणूस दारात उभा राहून विचारत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे ना. ही काय, योगिता. आपलीच पोरगी."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग ठकीकडे. "आता ही पण आपलीच," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

चार दिवसांनी योगिताच्या मोबाईलवर मेसेज आला. कुटुंबाची परिस्थिती समाधानकारक, अधिक गरजू मुलींना प्राधान्य. योगिताने फोन लावला, पुन्हा लावला, मग कोणी उचलेना. काळ्या बोटीवरून आला तोवर कॉलेजची मुदत संपली होती. जाळ्याने कापलेले हात मांडीवर ठेवून बसून राहिला, आणि दुसऱ्या खेपेला निघून गेला.

योगिता आता घोलवडला चिकूच्या वाडीत पॅकिंगला जाते. पहाटे जीप भरून बायका जातात, त्यांच्यात दाटीवाटीने बसते. निवडलेले चिकू खोक्यात लावते, दिवस मावळल्यावर येते. पुस्तकांना हात लावत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार म्हणते. ट्रस्टवाले पुन्हा येतील का, त्याच घरी दुसऱ्यांदा येतात का, आम्हाला कोणालाच माहीत नाही. ते विचारायचं तर फोन कोणीतरी उचलायला हवा.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी ठकीकडे तांदूळ निवडायला बसले होते. योगिता आईसमोर येऊन बसली. म्हणाली, "आई, समज मी मॅडम हाय. मी विचारते, तू बोल. ही शेळी कोणाची?"

"बारकीची," ठकी म्हणाली.

"शेत कोणाचा?"

"बारकीच्या दिराचा. आपला नाय."

"गाडी?"

"जीवनची." ठकी सूप खाली ठेवून शाळेतल्या पोरासारखी ताठ बसली होती. मला हसू येत होतं. वाटलं, पोरीने अजून आशा सोडलेली नाही, बरंच आहे.

"आणि ही बाई कोण?" योगिताने माझ्याकडे बोट केलं.

ठकी थांबली. थांबायला हवं तेव्हा कधी थांबली नाही ती, आणि आता थांबली. गेली वीसेक वर्षं आम्ही एका चुलीतला विस्तव दुसऱ्या चुलीत नेतोय. माझं दुसरं बाळंतपण तिनेच केलं.

"बोल ना, आई. मॅडम विचारणार."

"शेजारीण हाय," ठकी सुपाकडे बघत म्हणाली.

"पुढचा बोल."

"आपली कोण नाय."

"हळू नको बोलू," योगिता म्हणाली. "त्यांना ऐकू गेलं पाहिजे."

ठकीने मान वर केली आणि माझ्याकडे न बघता तेच पुन्हा मोठ्याने म्हटलं.