व्हिनेगरचा रविवार

डेनिसनं चादर ओढली आणि ती पाटीच्या कोपऱ्याला अडकली.

"ओढ की जोरात! घरचीच आहे ना?" मागून कोणीतरी ओरडलं.

चादर फाटली, पाटी दिसली, टाळ्या पडल्या. आमच्या नेदर हॅकल गावाच्या सातशे वर्षांच्या इतिहासाला टाळ्या मिळण्याची ही पहिलीच वेळ. ऑलिव्ह ट्रँटर सगळ्यांत पुढे उभी होती. तिनं चष्मा लावून वाचायला घेतलं. चर्च, जुना पूल, कुठल्याशा सरदाराचा घोडा ज्याखाली आजारी पडला ते झाड. चौथ्या मजकुरापाशी ती थांबली.

'प्लेगचा दगड म्हणून ओळखली जाणारी ही वस्तू म्हणजे प्रत्यक्षात डुकरांना खायला घालण्याची डोणी असून ती १९११ साली येथे आणण्यात आली. माहिती : श्रीमती ऑलिव्ह एम. ट्रँटर.'

"तुझं नाव घातलंय बरं का," डेनिस तिच्या कानाशी लागला. "मधल्या अक्षरासकट."

डेनिस पिंचिननं जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता. निवृत्त झाल्यावर त्याला इतिहास चढला.

आमच्याकडे ऑगस्टचा शेवटचा रविवार व्हिनेगरचा. प्लेगच्या दिवसांत बाहेरचे लोक वेशीवर भाकरी ठेवून जायचे आणि गावकरी, रोग पैशांबरोबर बाहेर जाऊ नये म्हणून, पोकळ दगडातल्या व्हिनेगरमध्ये पैसे बुडवून ठेवायचे, म्हणे. त्याची आठवण म्हणून सगळ्यांनी रांगेनं एकेक पेनी दगडात टाकायची, मग चीज आणि मुरवलेले कांदे खायचे. व्हिनेगर ओतायचा मान ट्रँटरांच्या घरच्या बाईचा. आधी ऑलिव्हची आई ओतायची, गेली बेचाळीस वर्षं ऑलिव्ह. नवरा नाही, मूल नाही. वर्षातून एक दिवस सगळं गाव तिच्या हाताकडे बघायचं.

डोणी तिच्या आजोबांची. १९११ साली, राजाच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, शेजारच्या गावात रोमन विहीर सापडली आणि आमच्या गावाला तोंड दाखवायला जागा उरली नाही. आजोबांनी डुकरं विकली, डोणी वेशीवर नेऊन ठेवली आणि दोन ग्लास बिअर पोटात गेल्यावर प्लेगची हकीकत सांगितली. पाद्रीबुवांनी ती वहीत उतरवून घेतली.

हे तिनं आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं. डेनिसची बायको मेव्हिस गेली, तेव्हा तो ऑलिव्हच्या स्वयंपाकघरात बसून रडत होता. "ईस्टरला घरी येशील, असं खोटं सांगत राहिलो गं तिला. डॉक्टरांनी तर केव्हाच 'नाही' सांगितलं होतं." त्याला एकटं वाटू नये म्हणून ऑलिव्हनं आपल्या घराण्याचं खोटं काढून त्याच्या खोट्याशेजारी ठेवलं.

हे मला कसं कळलं? पाटीचा मजकूर ठरवताना डेनिसनंच गावच्या कमिटीत सांगितलं. कुठून कळलं ते सांगायलाच हवं, असा त्याचा आग्रह. मी कमिटीचा चिटणीस. "ऑलिव्हला विचारायचं का?" असं मी म्हणणार होतो, पण चहा गार होत होता. मंजुरीला हात वर केला.

गावात वाईट माणूस एकही नाही, हीच मोठी अडचण. कोणी तिच्यावर रागावलं नाही. उलट गावाला मजाच वाटली. खाटीक दुकानातून हाक मारायचा, "ऑलिव्ह, यंदा व्हिनेगर की कोंडा?" पबवाल्यानं दारावर गुलाबी डुक्कर रंगवलं. शनिवार-रविवारी लोक मोटारी घेऊन डोणीबरोबर फोटो काढायला येऊ लागले. प्लेगसाठी इतके कधी आले नव्हते.

शेवटच्या रविवारी अकरा वाजता ऑलिव्ह निळी टोपी घालून, पिशवीत बाटली घेऊन आली. कमिटीनं डोणीत माती भरून लाल जिरेनियम लावले होते. तो ठरावही माझ्याच अक्षरात आहे.

तिनं बाटलीचं बूच काढलं.

"अगं ऑलिव्ह, झाडं जळतील!" डेनिस धावत आला. "आणि तुला वाईट नाही ना वाटलं? खरं ते खरं. तूच तर सांगितलंस."

"सांगितलं खरं," ती म्हणाली. "तुला सांगितलं होतं."

"मग? तेच तर लिहिलंय."

त्याला खरोखरच कळलं नव्हतं. ऑलिव्ह पाटीकडे वळली. तिच्या नावावर कबुतरानं घाण केली होती. तिनं रुमालावर व्हिनेगर घेतलं आणि चर्चमधलं पितळ घासायची तसं सगळं पुसून काढलं. चर्च, पूल, घोड्याचं झाड, डोणी, आणि शेवटी स्वतःचं नाव, मधल्या अक्षरासकट. पाटीवरची काच लखलखली.

"वा! थँक यू हं, ऑलिव्ह," डेनिस म्हणाला.

तिनं बूच लावलं, टोपी सारखी केली आणि घरची वाट धरली. कांद्यांसाठी थांबली नाही.

मी दरवर्षीसारखा पेनी मुठीत धरून आलो होतो. आता ती कुठे टाकायची, ते कळेना. रांगेत मी एकटाच होतो.