मैदानभर सावली

त्या वर्षी चैत्र सरता सरता कुंदाताई वैरागड्यांची सावली वाढू लागली. आधी ती शेजारणीला पुरेल एवढी झाली, मग रिक्षा थांब्यावरच्या सगळ्यांना पुरू लागली. अक्षय्य तृतीयेला कुंदाताई आंबे घ्यायला बाजारात गेल्या, तेव्हा भाजीवाल्यांनी आपापल्या ताडपत्र्या सोडून घड्या घालून ठेवल्या. नागपूरचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलं आहे त्यांना यातलं सुख वेगळं सांगायला नको. त्या सावलीत ओल्या वाळ्याचा वास येई. कुंदाताई रस्ता ओलांडू लागल्या की मागचं कोणीतरी तिची कड उचलून धरी, स्कूटरच्या चाकाखाली येऊ नये म्हणून.

कोणाला याचं नवल वाटलं नाही. प्रमिलाबाई मुळमुळ्यांना मात्र राग आला.

प्रमिलाबाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. जानकीनगरच्या मैदानावर दर मे महिन्यात भरणारी बालजत्रा त्यांनीच सुरू केलेली, मैदानात बाभळी होत्या तेव्हा. जत्रा संध्याकाळी, ऊन उतरल्यावर भरे. कैरीचं पन्हं, मातीकाम, घोटीव कागदाचे पक्षी, आणि शेवटी बाईंची गोष्ट. गोष्ट सुरू झाली की मुलं सतरंजी सोडून त्यांच्या पायांशी सरकत येत. गोष्ट एकच, सुगरण पाखराची आणि कोल्ह्याची, पण बाईंची सांगायची रीत होती. कोल्हा बोलायच्या आधी त्या थांबत. सगळ्यात मागे बसलेल्या, सगळ्यात सावकाश विचार करणाऱ्या पोराच्या डोळ्यांत कोल्ह्याचं वाक्य उमटेपर्यंत थांबत, आणि मग ते वाक्य मुलंच म्हणत: "घर तुझं, पण दार कुठे?" असं थांबायला शिकण्यात बाईंची सगळी नोकरी गेली होती. वर्षातली ती एक संध्याकाळ त्यांना वर्षभर पुरे.

जत्रेच्या बैठकीला समितीचे अध्यक्ष डांगरे यांच्या दिवाणखान्यात कूलर घरघरत होता. डांगऱ्यांनी जाहीर केलं की यंदा जत्रा दिवसा भरवायची, सकाळपासून ऊन कलेपर्यंत, म्हणजे अख्खं शहर येईल. मांडवाची गरज नाही. मैदानाच्या मधोमध चौथरा बांधायचा आणि त्यावर कुंदाताई उभ्या राहतील.

बाई म्हणाल्या की मे महिन्यात लेकरांना भर उन्हात आणणं शहाणपणाचं नाही.

"उन्हात कुठं बाई?" डांगरे म्हणाले. "कुंदाताईंच्या सावलीत."

मग रांजण कुठे ठेवायचे, झुले कुठे टांगायचे, लहानग्यांना कोणत्या बाजूला बसवायचं, हे ठरत गेलं. कागदावर डांगऱ्यांनी आधी सावली काढली आणि मग तिच्यात सगळी जत्रा बसवली. गोष्टीची वेळ आली तेव्हा ते म्हणाले की तीही कुंदाताईंनीच सांगावी, मुलं तशीही त्यांच्याच भोवती असणार.

"मला कुठली येते?" कुंदाताई संकोचून म्हणाल्या. "बाईंचीच ऐकलेली आहे. तीच सांगेन जमेल तशी."

त्या हे अगदी साधेपणाने म्हणाल्या, म्हणूनच ते बाईंना जास्त लागलं. कोणी मुद्दाम टोचलं तर उलट टोचता तरी येतं.

"तुम्ही आता आराम करा बाई," डांगरे म्हणाले. "पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवतो. कूलरसमोर."

घरी जाताना बाईंनी आपल्या सावलीकडे पाहिलं. ती पायांशी हातरुमालाएवढी उरली होती आणि मान खाली घालून चालत होती. त्यानंतर त्या रोज गच्चीवर उन्हात ताठ उभ्या राहू लागल्या. पदर दोन्ही हातांनी पसरून धरत, टाचा उंचावत, गणित न येणाऱ्या मुलाला समजवावं तशा सावलीला समजावत. सावली वाढली नाही. शेजारच्या गल्लीतून कुंदाताई गेल्या की गच्चीच्या कठड्यावर गार लहर येई आणि बाई पटकन आत निघून येत. ती लहर त्यांना हवीहवीशी वाटे, आणि हे त्यांना अजिबात खपत नसे.

रविवारी मैदानात रंगीत तालीम झाली. कुंदाताईंना चौथऱ्यावर खुर्ची दिली आणि सावलीच्या कडेकडेने पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. रेघ पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. मग मंडळी जेवायला पांगली. कुंदाताईंनी डब्यातला दहीभात खाल्ला आणि खुर्चीतच त्यांना डुलकी लागली.

बाई टाकीपाशी बसल्या. पिशवीतून घोटीव कागद कापायची कात्री काढली आणि कडेपासून सावली कापायला घेतली. ती ओल्या मांजरपाटासारखी कापली जात होती, जरा जड, पण सरळ. मैदानाच्या मधोमध कुंदाताईंनी झोपेतच माशी वारावी तसा डावा हात हलवला. बाई तेवढ्यापुरत्या थांबल्या. थांबायची त्यांना सवय होतीच. मग उरलेलं कापून त्यांनी लुगड्यासारखी घडी केली आणि काखेत धरून घरी आल्या. काख संध्याकाळपर्यंत गार राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर, ऊन चांगलं वर आल्यावर, त्यांनी तो तुकडा आपल्या सावलीच्या टाचेला काळ्या दोऱ्याने शिवला. बारीक धावदोरा घातला, वर टीप मारली. उभ्या राहिल्या तर सावली गच्ची ओलांडून गल्लीत उतरली होती. खाली इस्त्रीवाल्याने वर पाहून हात जोडले. बाईंचा ऊर भरून आला.

पहिली खोट त्यांना दुपारी कळली. पापड वाळत घालायला त्या उन्हात गेल्या आणि त्यांचा हात आपोआप वर जाऊन कोरडं कपाळ पुसू लागला. मग दोन्ही हात मानेमागे गेले आणि नसलेला अंबाडा बांधू लागले. बाईंचे केस आखूड होते. अंबाडा कुंदाताई घालत.

बाई आत आल्या तेव्हा हात पुन्हा त्यांचे झाले. घरात, आडोशाला, त्या स्वतःच्या होत्या. उन्हात पाऊल टाकलं की कुंदाताई जे करत तेच त्या करत. कुंदाताई पायरीवर बसल्या की बाई भर रस्त्यात बसत. कुंदाताईंनी कोणाला हसून मान डोलावली की बाईही हसत, समोर कोणी नसलं तरी.

कात्री हाताशी होती. टाके उसवायला कितीसा वेळ लागतो? बाई कात्री घेऊन गच्चीच्या दारात बसल्या आणि त्यांनी विचार केला. जत्रेच्या दिवशी कुंदाताईंना फक्त उभं राहायचं आहे. त्या उभ्या राहतील, मीही राहीन. आणि गोष्ट तर तोंडाने सांगायची असते. सावलीला तोंड कुठे असतं? त्यांनी कात्री पिशवीत टाकली.

जत्रेला खरंच शहर लोटलं. कुंदाताई चौथऱ्यावर उभ्या राहिल्या तेव्हा सावली फक्कीच्या रेघेला टेकेना. टाकीकडची बाजू उघडी पडली होती.

"धुतली का काय ताई? आटलेली दिसते," डांगरे म्हणाले.

कुंदाताई म्हणाल्या की डावं अंग रविवारपासून हलकं वाटतंय, बाकी बरं आहे.

तेवढ्यात बाई भिंतीच्या आडोशाआडोशाने टाकीपाशी येऊन उन्हात उभ्या राहिल्या आणि उघडी बाजू झाकली गेली. डांगऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि घाईघाईने माणसं धाडून अर्धे रांजण तिकडे हलवले. पहिल्या रांगेतली खुर्ची उचलून घ्यायलाही त्यांनी सांगितलं. मुलं मुळात बाईंना ओळखत होतीच. मातीकामाचे हात तसेच घेऊन ती पळत आली आणि त्यांच्या सावलीत दाटीवाटीने बसली. कुंदाताईंकडे झुल्यावरची थोडी उरली. बाईंना ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं. वर्षानुवर्षांत त्यांना इतकं गोड काही मिळालं नव्हतं.

दुपार कलली तशी डांगऱ्यांनी भोंग्यावरून सांगितलं की यंदाही गोष्ट बाईच सांगतील.

बाईंनी तोंड उघडायला घेतलं. ते उघडलं नाही. चौथऱ्यावर कुंदाताई ओठ मिटून उभ्या होत्या.

मुलं वाट पाहत राहिली. त्यांना बाईंचं थांबणं ठाऊक होतं. कोणी चुळबुळ केली नाही. सगळ्यात मागच्या पोराच्या डोळ्यांतसुद्धा वाक्य येऊन उभं राहिलं, आणि गोष्ट सुरू होण्याआधीच सगळी एका आवाजात म्हणाली, "घर तुझं, पण दार कुठे?"

ते ऐकून कुंदाताईंना हसू आलं. बाईही हसल्या. मुलांची हौस मोडू नये म्हणून कुंदाताईंनी चौथऱ्यावरूनच गोष्ट सांगायला घेतली, जमेल तशी. बाईंचे ओठ त्यांच्याबरोबर हलू लागले.

"बाईंचा आवाज बदलला," पुढे बसलेली ओवी ठवकर म्हणाली.

"आवाज तिकडून येतोय," शेजारचा म्हणाला. "बाई नुसत्या हलतात."

कुंदाताईंनी सुगरणीला चिमणी केलं. घरटं बाभळीवरून काढून आंब्यावर ठेवलं. बाईंच्या तोंडाला तेच करावं लागलं. कोल्हा आला, आणि कुंदाताई थांबल्या नाहीत. कोल्ह्याचं वाक्य त्या स्वतःच म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मुलांचे श्वास घेतलेले तसेच राहिले. मागच्या पोराने उघडलेलं तोंड मिटलं. बाईंना ते दिसलं. कुंदाताईंची नजर झुल्याकडे वळली, म्हणून मग तेही दिसेनासं झालं.

गोष्ट संपली. टाळ्या झाल्या. बाईंनीही नमस्कार केला.

"जत्रा गाजली," डांगरे भोंग्यावर म्हणाले.

कुंदाताई चौथऱ्यावरून उतरल्या, डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि मावळतीकडे तोंड करून घराकडे निघाल्या. ऊन तिरपं झालं होतं. बाई आधी गुडघ्यांवर आल्या, मग मैदानावर सपाट आडव्या झाल्या, आणि त्यांची पावलं कुंदाताईंच्या टाचांना जाऊन लागली. हात लांबत लांबत टाकीच्याही पुढे गेले. फक्कीची रेघ त्यांच्या अंगावरून सरकत गेली.

त्याच बाजूला घर असलेली मुलं मागून चालू लागली. जमीन पोळत होती आणि बाई गार होत्या. ओवी कडेला क्षणभर थांबली, तिने पायांतल्या चपला काढून हातात घेतल्या, आणि मग ती बाईंवर पाऊल ठेवून चालू लागली.