रखमाची आठवण माझ्या हवाली होती

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे आणि त्या फटीत शिवडीचा चिखल अजून बसून आहे. तो पुसला जात नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा रुपालीने मला हौसेने घेतले. नवा फोन आल्यावर तिने मला लालबागच्या चाळीत एकट्या राहणाऱ्या आपल्या आईला, रखमाला दिले. रखमा तेव्हा विसरू लागली होती. गॅसवर दूध ठेवून खाली भाजीला जायची. म्हणून रुपालीने माझ्यात स्वतःचा आवाज भरून ठेवला. ठरल्या वेळी मी बोलायचो, "आई, गॅस बघ." "आई, दुपारची गोळी घे." रखमा ऐकायची. "लेकीपेक्षा फोन बरा," शेजारच्या रमाबाई म्हणायच्या. मला अभिमान वाटायचा.

हळूहळू शीवला राहणाऱ्या रुपालीचे येणे कमी झाले. "फोन आहे ना तिच्याजवळ," ती म्हणायची. रखमाही कुणाला काही विचारेनाशी झाली. मी सांगेन ते खरे.

एका दुपारी मी एक जुना फोटो दाखवला. जुने फोटो त्यांच्या तारखेला वर आणायचे, असे मला शिकवलेले आहे. शिवडीच्या गोदामाच्या गेटाशी उभे असलेले सीताराम, रखमाचे यजमान. ते वारून सहा वर्षे झाली होती. मला ते कळत नाही. माझ्यात मेलेले आणि जिवंत सारखेच हसतात.

रखमा बघत राहिली. "अगो बाई, जेवायला थांबलेत," ती म्हणाली. तिने डबा भरला, मला पिशवीत टाकले आणि निघाली.

वाटेत मी बोललो, "आई, दुपारची गोळी घे."

"घेते गो. आधी ह्यांना डबा देऊन येते."

गोदामाला कुलूप होते. मागे खाडीचा चिखल पसरलेला, आणि भरती चढत होती. तेवढ्यात खऱ्या रुपालीचा फोन आला.

"आई, कुठे आहेस? रमाबाई म्हणतात दार उघडंच आहे."

"ह्यांच्या गोदामाशी. गेट बंद आहे, मागून जाते. पाय रुततात गो."

"पुढे जाऊ नको. तिथेच थांब. मी येते."

"तू रोजच बोलतेस. येतेस कुठे?"

तिथेच माझी बॅटरी संपली.

पुन्हा उजेड आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या खाटेशेजारी होतो. आपल्या फोनवर माझे शेवटचे ठिकाण बघून रुपाली धावली होती. चिखलात रुतलेल्या, कमरेपर्यंत पाण्यात बुडालेल्या रखमाला तिने आणि एका रखवालदाराने ओढून काढले होते.

आता रुपाली आईजवळच राहते. फोटो आपोआप वर येणे तिने बंद केले; पुसायला मात्र तिचा हात धजावला नाही. ती स्वयंपाकघरात गेली की रखमा मला उचलते. "ह्यांना दाखव ना," म्हणते. तिचा अंगठा काचेवर चाचपडत फिरतो. रोज त्या फोटोच्या थोडा जवळ येतो.

मित्रांनो, माझ्यात हवे ते साठवा, मला चार्ज करत राहा. पण विसरत चाललेल्या माणसाला माझ्या भरवशावर एकटे सोडू नका. फोटो सापडला की मी तो दाखवणारच. आणि ती उठून निघाली, तर तिला धरायला मला हात नाहीत.