चौथं गिऱ्हाईक

आवडी नावाच्या तमिळ उपनगरातल्या त्या गल्लीत सेतुमाधवांच्या गाडीइतकी जपलेली गाडी दुसरी नव्हती, हे शेजारीच सांगत. तेरा वर्षांची डिझेल फोर-बाय-फोर, आणि धावली होती जेमतेम बेचाळीस हजार किलोमीटर. तिच्यावरचं कापडी आवरण दर पंधरवड्याला धुतलं जाई. ऑइल बदलल्याची प्रत्येक पावती फाईलला लावलेली होती. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक त्यांनी पाच वर्षांनी काढलं, तेही मुलीनं हट्ट धरला म्हणून.

गाडी विकायची ठरली ती डाव्या गुडघ्यामुळे. क्लच दाबला की कळ मस्तकात जाई. जाहिरात पत्नी कृष्णवेणीनं टाकली होती. येणाऱ्यांशी बोलणं मात्र सेतुमाधवांनी स्वतःकडे ठेवलं. तीन गिऱ्हाइकं येऊन गेली होती. चौथी आली विद्युलता.

ती तांबरमच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायची. मूळची कोल्हापूरची, वय चाळिशीच्या आत. सेतुमाधवांच्या घरातही, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून, मराठीच बोलत. सप्टेंबरच्या उन्हात, वाटेत गाडी बदलून, लोकलनं आली होती. आल्या आल्या तिनं वर्तमानपत्र अंथरलं आणि टॉर्च घेऊन थेट गाडीखाली शिरली.

"काका, गंज कुठेच नाही!" खालून आवाज आला.

"कसा असणार? दरवर्षी खालून कोटिंग करून घेतो."

मग तिनं मागचं दार उघडून टेपनं मापं घेतली. "मागची सीट काढली की पाय पसरून झोपता येईल."

"गाडीत झोपणार?"

"सहा महिने. ऑक्टोबरपासून बिनपगारी रजा मिळालीय."

सहा महिने! संरक्षण कारखान्यातल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत सेतुमाधवांनी एकदाच एकवीस दिवसांची रजा मागितली होती आणि साहेबांनी नुसत्या भुवया उंचावल्यावर अर्ज मागे घेतला होता.

"कुठं जाणार?" हा प्रश्न ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत.

"किनाऱ्यानं विशाखापट्टणम, कोलकाता, मग सिलिगुडी, तेजपूर. आणि तिथून मेचुका."

शेवटचं नाव सेतुमाधवांच्या चांगलंच ओळखीचं होतं. गाडी घेतली त्या वर्षी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून त्यांनी अरुणाचलातल्या त्याच गावावर बोट ठेवलं होतं. कृष्णवेणीखेरीज ते कुणाला माहीत नव्हतं. मग मुलीची बारावी आली, बढती आली, आईचं आजारपण आलं, लॉकडाऊन आलं, गुडघा आला. आणि गाडी बघून अर्धा तास झालेली ही बाई ते नाव असं घेत होती, जणू इथल्या इथं कोयंबेडूची बस पकडायची आहे.

"तिकडे रस्ते फार वाईट आहेत," ते म्हणाले.

"म्हणून तर ही गाडी हवीय. जरा मातीत चालवून बघू या?"

आवडीबाहेर एका आटलेल्या तळ्याच्या काठी त्यांनी गाडी नेली. विद्युलता चालवत होती, सेतुमाधव शेजारी. ती क्लच हलक्या पायानं सोडत होती, गिअर आवाज न करता पडत होते. काही खोट काढावी म्हणून ते बघत राहिले. काही सापडेना, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

मऊ मातीत उतरल्यावर तिनं गिअरशेजारचा छोटा दांडा ओढला. चारही चाकांना जोर देणारा तो दांडा. हलेना. ती थोडी मागे आली, पुढे गेली, पुन्हा ओढला. तसूभरही नाही.

"काका, हा शेवटचा कधी टाकला होता?"

"इथं चिखल कुठं आहे? गरजच पडली नाही."

"एकदाही?"

ते खिडकीबाहेर बघू लागले.

"महिन्यातून एकदा टाकायचा असतो. गरज नसली तरी. नाहीतर आत सगळं धरून बसतं."

तेरा वर्षं! प्रत्येक नटबोल्टची काळजी घेणाऱ्या माणसाला ज्यासाठी गाडी घेतली नेमकी तीच गोष्ट माहीत नव्हती, आणि ती एका भूगोलाच्या बाईनं त्यांच्याच गाडीत बसून सांगावी. त्यांचे कान तापले. पण त्याच क्षणी मनात एक गारवाही पसरला. आता ही नको म्हणणार. गाडी मेचुकाला जाणार नाही.

"राहू दे मग," ते जरा घाईनंच म्हणाले. "तुम्हाला दुसरी चांगली मिळेल."

"का? मेकॅनिक सोडवेल की. मला हीच हवी."

घरी परतल्यावर कृष्णवेणीनं ताकाचे पेले पुढे ठेवले. मालकीबदलाचे अर्ज टेबलावर होतेच. सेतुमाधवांनी पेन हातात घेतलं नाही.

"दोन दिवसांत कळवतो. अजून एक-दोघे विचारत आहेत."

"कोण विचारतंय?" कृष्णवेणी म्हणाली.

"तो गेल्या रविवारचा."

"त्याला मी फोन करून नको सांगितलं." मग ती विद्युलताकडे वळली. "ऐक अम्मा. पहिला आला, म्हणाला लेहला जाणार. यांनी इंजिनात आवाज आहे म्हणून परत पाठवला. दुसरा नवराबायको होते, नेपाळला निघालेले. त्यांना म्हणाले मुलीला विचारावं लागेल. तिसरा, हा रविवारचा, म्हणाला, लग्नाच्या वरातीत फुलं लावून भाड्यानं फिरवणार. त्याला लगेच हो!"

"वेणी, पोदुम!" सेतुमाधव ओरडले. पुरे म्हणायचं झालं की त्यांच्या तोंडून तमिळच येई.

"मी कुठं खोटं बोलले? जो जाणार म्हणतो त्याला तुम्ही देत नाही. तुम्हाला बघवत नाही, अहो."

विद्युलता पेल्यात बघत बसली.

सेतुमाधवांनी पेन उचललं. तीन ठिकाणी सह्या केल्या. तिसरी थोडी वाकडी गेली. दोन्ही किल्ल्या टेबलावर सरकवल्या.

"दांडा आधी सोडवून घ्या," ते म्हणाले. "त्याशिवाय निघू नका."

"नक्की, काका. आणि प्रत्येक मुक्कामावरून तुम्हाला फोटो पाठवीन."

"नको."

"म्हणजे... गाडीचा हो."

"नको म्हटलं ना. मला पाठवू नका."

ती गोंधळली. कृष्णवेणीनं पदराला हात पुसले आणि आपला फोन उचलला. "माझा नंबर घे. मला पाठव. रस्त्याचे, जेवणाचे, सगळे. आणि लिहिशील ते मराठीतच."

सेतुमाधवांनी बायकोकडे पाहिलं. त्या नकाशावर तेव्हा दुसरंही एक बोट होतं, हे त्यांना इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी भाजी निवडताना कृष्णवेणीचा फोन वाजला. तिनं चष्मा लावला आणि बघत राहिली. मग हसली. मग बोटांनी काहीतरी मोठं करून पाहिलं.

सेतुमाधवांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. पुन्हा मागचं पान काढलं.

"कुठं पोचली?"

"चिलिका सरोवराच्या काठाला."

"चाकं दिसतात का? हवा बरोबर आहे का बघ."

"मला काय कळतंय त्यातलं? तुम्हीच बघा."

त्यांनी हात पुढे केला नाही. कृष्णवेणीही उठली नाही. तिनं फोन मांडीवर ठेवला, एका हातानं भेंड्या पुसत दुसऱ्या हाताच्या बोटानं विद्युलताला उत्तर लिहू लागली, आणि मधेच कशाला तरी खुदकन हसली.